रेवाबाई परीक्षेला बसल्या तेव्हा

भूकंपानंतर किल्लारीची माणसं गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, तेव्हाची गोष्ट. सुकन्या तेव्हा सात वर्षांची होती. तिची धाकटी बहीण ढिगाऱ्याखाली गेली होती. सुकन्या मात्र भेटेल त्याला आपलं जुनं घर सांगत सुटायची. रांजण कुठं होता, बहीण कुठल्या कोनाड्याखाली झोपायची, चिंच कुठल्या अंगाला होती. मोठ्यांना ते ऐकवत नसे. आजी लक्ष्मीबाई तर डोळ्याला पदर लावून उठूनच जायची.

ऐकणारी एकच बाई भेटली, आणि तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

परदेशी डॉक्टरांच्या पथकाबरोबर ती आली होती. जखमा बांधताना पोरांना धरून बसायचं, हे तिचं काम. नाव रिव्का. वय चाळिशीच्या अलीकडं, केस तांबूस. जन्म रोमानियातल्या याशी शहरात, यहुदी घरात. चित्रकला बुखारेस्टला शिकली, मग आईबरोबर इस्रायलला गेली, आणि तिथं काही वर्षं काढून आता इथं. सुकन्याचे हातवारे बघून तिनं पिशवीतून कागद काढला आणि घर रेखाटलं. दार उजवीकडं दाखवलं.

"न्हाई!" सुकन्या ओरडली. पेन्सिल हिसकावून तिनं दार डावीकडं ओढलं.

रिव्काला आलेला पहिला मराठी शब्द तो. 'न्हाई.' संध्याकाळपर्यंत शेडमधली निम्मी माणसं भोवती जमली होती आणि ज्याला त्याला आपलं घर काढून हवं होतं. ओटा उंच आहे, न्हाई, अजून खाली. गोठा मागं. तिचं पथक महिन्याभरात परत गेलं. ती राहिली.

का राहिली, हे तिनं पुढं कैक वर्षांनी सुकन्याला सांगितलं. तिच्या वडिलांची अख्खी गल्ली दुसऱ्या महायुद्धात यहुदी म्हणून मारली गेली. घरं होती, पण ती कुणाची होती हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. "हितं सांगणारे होते," ती म्हणाली. "मग काढणारं कुणीतरी पाहिजे की."

रिव्का म्हणणं किल्लारीच्या जिभेला जमलं नाही. तिची रेवाबाई झाली. शनिवार हा यहुद्यांचा विसाव्याचा वार; त्या दिवशी ती ब्रशला हात लावत नसे, चूल पेटवत नसे. लोकांना नवल वाटे. लक्ष्मीबाईंनी एकदा निकाल देऊन टाकला: "नागपंचमीला आपण तवा ठिवतो का? नांगर धरतो का? तिची दर आठवड्याला नागपंचमी हाय. गुमान ऱ्हावा." त्यानंतर कुणी विचारलं नाही. उलट शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या घरून भाकरी-पिठलं जायचं.

नवं गाव वसलं, शेड उठले, आणि रेवाबाई लातूरला आल्या. चंद्रप्रभाबाई नावाच्या बाईंनी तिथं एक खासगी शाळा काढली होती. शाळेला अनुदान नव्हतं, चित्रकलेला शिक्षक नव्हता. रेवाबाई तीन वर्गांना शिकवू लागल्या. त्यांची मराठी किल्लारीच्या पोरांकडून आलेली. "म्या काय सांगायलेय? बघा आधी, मंग काढा!" गोऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकून शहरातले पालक हसू दाबायचे. पोरं हसत नसत, कारण बाईंच्या तासाला हसायला सवड नसायची. वांगं काढायचं तर आधी तास-तासभर वांग्याकडं बघत बसावं लागे.

सुकन्याला आठवीत बापानं लातूरला मामाकडं ठेवलं, ती याच शाळेत. त्याच वर्षी शाळेला अनुदान मंजूर झालं आणि पेच पडला. चंद्रप्रभाबाईंनी रेवाबाईंना बोलावून घेतलं. सुकन्या तेव्हा कार्यालयात खडू न्यायला आली होती, तिनं सगळं ऐकलं.

"नागरिकत्वाचं काम आज ना उद्या होईल," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "पण अनुदानित शाळेत कलाशिक्षकाला इथली पदविका लागते. तुमची बुखारेस्टची पदवी इथं कुणी धरत नाही, रेवाबाई. मी खूप भांडले."

"पदविकेला काय लागतं?"

"इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा. त्याआधी एलिमेंटरी." चंद्रप्रभाबाईंना पुढचं बोलायला लाज वाटत होती. "आपली आठवी-नववीची मुलं देतात, ती."

रेवाबाईंनी टेबलावरचं पेन उचलून पुढं केलं. मग म्हणाल्या, "माझा फारम बी भरा मग. पोरांबरोबरच."

पंचेचाळिशीची बाई, जिची चित्रं एका देशाच्या राजधानीत भिंतीवर लागली होती, ती आठवीच्या पोरांच्या रांगेत बाकावर गुडघे दुमडून बसली. पर्यवेक्षक पोरगेला होता. तो तीनदा त्यांना सांगायला आला की पालकांनी बाहेर थांबावं. तिसऱ्यांदा सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "त्या परीक्षेला बसल्यात, सर!"

स्थिरचित्र, स्मरणचित्र याची त्यांना चिंता नव्हती. घोडं अडलं ते अक्षरलेखनाशी. देवनागरी अक्षरं कोरून, मोजून काढायची. त्यांचा 'ळ' आडवा पडायचा आणि 'क्ष' तर कुठल्या लिपीतला हेच कळत नसे. मग शाळा सुटल्यावर उलटा वर्ग भरायचा. सुकन्या फळ्यापाशी, रेवाबाई बाकावर.

"बाई, 'क्ष'ची गाठ आधी मारायची, शेपूट मंग."

"परत दाव."

सुकन्याला आधी भीती वाटायची. बाईंना चूक कशी म्हणायची? पण रेवाबाईंना तिच्या 'न्हाई'ची जुनी सवय होती. पान पान भरून त्या 'ळ' काढायच्या, आणि एखादा जमला की स्वतःवरच खूष होऊन सगळ्यांना दाखवत फिरायच्या. एलिमेंटरी झाली. पुढच्या वर्षी इंटरमीजिएट झाली. निकालाला सुकन्याला 'अ' श्रेणी आणि रेवाबाईंना 'ब'. बाईंनी शाळेत पेढे वाटले. चंद्रप्रभाबाई कळवळून म्हणाल्या, "तुम्हाला ब? हा काय न्याय झाला?" रेवाबाई म्हणाल्या, "माझा ळ तुम्ही बघितला न्हाई." पुढं दोन वर्षं त्यांनी पोरासोरांत बसून पदविकाही केली, आणि सरळ निवृत्तीपर्यंत त्या शाळेत शिकवत राहिल्या.

सुकन्याचं मात्र दहावीच्या हिवाळ्यातच अडलं. तिला पुढं चित्रकलेकडं जायचं होतं. बाप शेषेराव ऐकायला तयार नव्हता. चार एकराचा धनी, पण एक पोर गमावलेला माणूस. उरलेल्या एकीनं खात्रीच्या वाटेनं जावं, डीएड करावं, एवढंच त्याचं म्हणणं.

रेवाबाई सुकन्याला घेऊन जीपनं किल्लारीला गेल्या. त्या बापाला चार शब्द सुनावतील, असं सुकन्याला वाटलं होतं. त्यांनी तो विषयच काढला नाही. चहा घेतला आणि विचारलं, "शेषेरावदादा, तुमच्या रानात बसून चित्र काढू का?"

"काढा की. रान काय पळून चाललंय?"

बांधावर त्या सकाळपासून बसल्या. समोर तुरीचं उभं रान, पलीकडं नांगरलेली काळी जमीन. शेषेराव औताच्या फेरीला येता-जाता नजर टाकायचा. दुपारपर्यंत तूर उभी राहिली, तिसऱ्या प्रहरी माती आली. उन्हं कलली तशी त्यानं बैल सोडले आणि मागं येऊन उभा राहिला. चित्र त्याला आवडलं होतं, हे तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात रेवाबाईंनी रंगाची बोथट सुरी घेतली आणि चित्रातली खालची सगळी माती खरवडून काढली.

"अहो बाई! काय करायलात? दिसभराचं काम!"

"माती चुकली, दादा. ही भिजलेली दिसायली. तुमची वाळलेली हाय, भेगा पडल्यात तिला." सुरी पुसत त्या म्हणाल्या, "उद्या परत."

शेषेराव खरवडलेल्या जागेकडं वाकला. मग बांधावर त्यांच्या शेजारी टेकला.

"दुबार पेरणी म्हणा की," तो म्हणाला.

"व्हय. दुबार."

"आन तिबार?"

"लागली तर तिबार."

दुसऱ्या दिवशी त्यानं औत जुंपलंच नाही. दिवसभर बांधावर बसून माती होताना बघत राहिला. संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुता धुता बायकोला म्हणाला, "ह्यात कष्ट हायेत. मला वाटलं हे बसून खायाचं काम. जाऊ दे पोरीला." सुकन्या चुलीपाशी होती. तिनं पीठ मळत असलेला हात तसाच तोंडावर धरला, आणि सगळं तोंड पिठानं माखलं.

आज सुकन्या नायगावला कलाशिक्षिका आहे. निवृत्तीनंतर रेवाबाईंनी नांदेडजवळ विष्णुपुरीला दोन खोल्या घेतल्या, धरण जवळ म्हणून. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून नांदेडला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. त्यांच्या एकटीच्या चित्रांचं सत्तरीत पहिलं. लातूरहून, औशाहून, उदगीरहून माणसं आली. कुणी पाट्या रंगवणारे पेंटर, कुणी शिंपी, कुणी इंजिनियर, आणि जो तो बाईंच्या पाया पडायला वाकला की त्या विचारायच्या, "काढतोस का अजून?" काढत नाही म्हणणाऱ्याला त्या दाराजवळच्या टेबलाकडं पिटाळायच्या. तिथं कागद, पेन्सिली आणि वांग्यांची टोपली ठेवली होती.

शेवटच्या दिवशी एका पत्रकारानं विचारलं, आता थोडा आराम करणार का? रेवाबाईंना प्रश्नच समजला नाही.

पुढच्या रविवारी सुकन्या विष्णुपुरीला गेली, तर त्या घरी नव्हत्या. गोदावरीच्या काठी दगडावर बसल्या होत्या, मांडीवर फळी, टोपीखालून पांढरे केस उडत होते. भोवती चुरगाळलेले कागद.

"जल्मभर माती काढली," त्या वर न बघता म्हणाल्या. "पाणी कधी आलंच न्हाई मला. बघ, हे पाणी दिसतं का?"

सुकन्यानं कागदाकडं पाहिलं. लाटा होत्या, उजेड होता, पण पाणी जागचं हलत नव्हतं. खोटं बोलणं तिला शक्य होतं. ती त्यांच्या शेजारी दगडावर बसली.

"न्हाई, बाई," ती म्हणाली.

रेवाबाईंनी लगेच कोरा कागद लावला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "मंग दाव."