दगडातले प्रवासी

मित्रांनो, मी एक जुनी लिथियम-आयन बॅटरी. सुतारताईंच्या ड्रिलच्या मुठीखाली खट्‌कन बसायचं आणि त्याला गरागरा फिरवायचं, हे माझं काम.

माझ्या नावाची गंमत ऐका. ताईंची लेक एकदा शाळेतून उड्या मारतच आली. "आई, लिथियम पहिल्यांदा दगडात सापडलं! ग्रीक भाषेत दगडाला 'लिथॉस' म्हणतात, म्हणून लिथियम. आणि आयन म्हणजे जाणारा!"

"म्हणजे चालता दगड की गं!" ताई खो खो हसल्या.

मला मुळीच राग आला नाही. खरंच आहे ते! काम करताना माझ्या पोटातले लिथियमचे कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघतात आणि चार्जरला लावलं की माघारी येतात. त्या येरझाऱ्यांवर मी कितीतरी कपाटं उभी केली.

एका दुपारी शेजारच्या वहिनी धावत आल्या. "ताई, चला लवकर! आमच्या छोट्या छकुलीने स्वयंपाकघराच्या दाराचं कुलूप आतून लावून घेतलंय, गॅसवर पाणी उकळतंय!"

वहिनींचे दीर दाराला खांदा देणार, तोच ताई ओरडल्या, "थांबा भाऊजी! पोर दारामागेच आहे, अंगावर पडेल तिच्या."

वीज गेलेली. वायरचं मशीन असून नसल्यासारखं. ताईंनी मला ड्रिलला लावलं आणि माझा एकच दिवा पेटला! चार्ज संपत आला होता.

वहिनी दाराशी बसल्या. "छकुली, इथेच माझ्याजवळ बसून टाळ्या वाजव बरं!" आतून टाळ्या आल्या. ताईंनी वर, दारातच बसवलेल्या कुलपावर ड्रिल टेकवलं. मी जीव खाऊन फिरवू लागले. लोखंडाचा कीस उडाला. आणि टाळ्या थांबल्या.

"छकुली!" वहिनींचा आवाज चिरकला.

पळा रे पळा, मी माझ्या कणांना म्हटलं, उरलेसुरले सगळे पळा! कुलूप खळ्‌कन पडलं, दार उघडलं. छकुली टाचा उंचावून पातेल्याकडे हात नेत होती. वहिनींनी तिला झपकन उचललं. मी त्याच क्षणी बंद पडले. पण काय आनंद होता तो!

पुढे एकदा तापलेल्या गाडीत विसरले गेले आणि माझं पोट फुगलं. लेक मला घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. ताईंनी अडवलं, "अगं, तिथे दाबली गेली तर पेट घेईल!"

आता मी दुकानातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत आहे. इथून कारखान्यात नेतात, आमच्यातले धातू काढून पुन्हा कामाला लावतात म्हणे! मित्रांनो, आम्हाला उन्हात ठेवू नका, फुगलेलीला टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. मोठ्यांना सांगून इथे पाठवा. पेटीत जागा भरपूर आहे, आणि मला गप्पा मारायला कुणीतरी हवंच आहे!