अंड्यांच्या ट्रेमधली टॅपेट

मी एक जुनी टॅपेट आहे, आणि मला भंगार म्हणणाऱ्याची जीभ झडो. मित्रांनो, इंजिनात कॅम नावाचा दांडा फिरतो. तो मला ढकलतो आणि मी व्हॉल्व्ह उघडते. इंजिन श्वास घेतं ते माझ्या जिवावर.

कामशेतच्या गॅरेजात कोमल आणि तिचा भाऊ रतन यांनी शर्यतीची गाडी बांधली. सरळ रस्त्यावर एका दमात पळायची शर्यत. लोणावळ्यापलीकडच्या धावपट्टीवर आम्ही टॅपेट बहिणींनी ती गाडी कितीदा पहिली आणली. हार कुणाला? बॉनेटला.

आमच्या आणि व्हॉल्व्हच्या मधे जराशी फट ठेवावीच लागते, म्हणून आम्ही टकटकतो. रतनला तेच खुपलं.

"ताई, लोक म्हंत्यात हिचं इंजिन खोकतंय. तेलावर चालणाऱ्या टॅपेट टाकू. आवाजच न्हाई."

"टाक. पर ह्या जपून ठिवते."

कोमलने आम्हाला अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने बसवलं. कारण प्रत्येकीची कॅमवरची जागा ठरलेली. तिथेच घासून ती बसलेली असते. जागा बदलली की टॅपेट आणि कॅम, दोघांची माती.

नव्या आल्या. तेल पिऊन गप्प. बाजारात फिरायला ठीक. धावपट्टीवर इंजिन किंचाळलं तशा त्या तेलाने फुगून बसल्या. व्हॉल्व्ह मिटेनात, गाडी निम्म्यात ढेपाळली.

"पुढल्या ऐतवारी परत शर्यत हाय. जुन्याच बसवू," म्हणत कोमल घरात आली. आई, मुक्ताबाई, चुलीपाशी होती.

"त्यो ट्रे व्हय? त्यात अंडी ठिवलीत. तुजी लोखंडं टाकली डब्यात समदी."

"आये, कंची कुटं हुती?"

"काय, अंडी?"

कोमलने डबा जमिनीवर पालथा केला. सगळ्या सारख्याच दिसत होत्या, कुणाची जागा कुठली ते कळायला मार्ग नव्हता. माझ्या जागेवर अंडं! कोंबडीचं! आणि त्या माउलीला तरी काय बोलू? ट्रेला हात लावू नको, एवढं सांगायला या दोघांची तोंडं शिवली होती काय?

कोमल मला खिशात घालून तळेगावला गेली. दुकानदार म्हणाला, "या घ्या मॅडम, अजिबात वाजत नाहीत."

तिने मला काउंटरवर ठेवलं. "अशा द्या. पक्क्या पोलादाच्या. आणि जोडीला नवा कॅम, जुना ह्यांच्या मापाने झिजलाय. वाजल्या तर वाजू द्या."

रविवारी गाडी परतली, तेव्हा गॅरेजच्या खिडकीत पडल्या पडल्या मला नव्या पोरींची टकटक ऐकू आली. गाडी पहिली आली होती. हार बॉनेटलाच.

मित्रांनो, वस्तू घेताना गप्प कोण बसतं ते पाहू नका, टिकतं कोण ते पाहा. आणि जिची जागा झिजून झिजून तिची झाली, तिला उठवताना विचार करा. तिथे दुसरी बसवता येते. तिला मात्र मग कुठेच बसवता येत नाही.