दहावं बाळंतपण

"लिहा ना, दोनच ओळी आहेत," प्राचार्य बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोरा कागद मोठ्या सिस्टरांपुढे सरकवला. "माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही. खाली सही. विषय संपला."

"कोणती चूक?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"परवानगीशिवाय पेशंटला हात लावला, ती."

"आणि लावला नसता तर?"

"तर जे झालं असतं त्याची जबाबदारी डॉक्टरांची. तुम्ही तिथे विद्यार्थिनी होतात, सिस्टर. हे तुम्ही सारखं विसरता."

विसरू देत होतं कोण? वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, छातीवर 'विद्यार्थिनी' असा बिल्ला लावून, स्वतःच्या मुलीच्या वयाच्या पोरींबरोबर त्या दीड वर्ष बाकावर बसत होत्या. त्याआधी बावीस वर्षं याच कॉलेजच्या दवाखान्याच्या लेबर रूममध्ये त्यांनी बाळंतपणं केली होती. शेवटची नऊ वर्षं तर अख्खा वॉर्डच त्या चालवत होत्या. ड्युट्या लावणं, औषधांची कपाटं, रुसलेल्या आया, तापट डॉक्टर, भेदरलेले नवरे, सगळं त्यांच्या गळ्यात. फक्त इन्चार्जची खुर्ची त्यांची नव्हती. खुर्चीला डिग्री लागते आणि सिस्टरांकडे होता डिप्लोमा. म्हणजे काम करायला त्या चालत होत्या, बसायला चालत नव्हत्या.

दोनदा बाहेरून कोवळ्या इन्चार्ज आल्या. दोघींनाही सिस्टरांनीच काम शिकवलं आणि शिकून झाल्यावर दोघी बदली घेऊन गेल्या. तिसरी येणार असं कानावर आलं, तेव्हा सिस्टरांनी घरी जाहीर केलं, "मी डिग्री करणार."

नवरा शाळेची बस चालवायचा. तो म्हणाला, "कर की. मी नको म्हटलं तर ऐकणार आहेस थोडीच!"

अभ्यासक्रमात एक नियम होता. विद्यार्थिनीने आधी दहा बाळंतपणं पाहायची. नुसती पाहायची. हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभं राहायचं, कशालाही शिवायचं नाही आणि मग वहीत नोंद करून शिकवणाऱ्या मॅडमची सही घ्यायची. नवख्या पोरींसाठी नियम चांगलाच आहे, त्यांचा हात कधी कुठे लागेल याचा नेम नसतो. पण माशाच्या पोराला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात, इथे तर त्याच्या आजीलाच काठावर बसवून ठेवलं होतं. तरी सिस्टर निमूट उभ्या राहिल्या. नऊ वेळा.

दहाव्या वेळी शिकाऊ डॉक्टर होता. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि पुढे काही सरकेना. आत हाडाला खांदा अडला होता. घाबरलेला माणूस जे करतो तेच त्या पोराने केलं, डोकं धरून ओढायला लागला. तसं ओढलं की बाळाचा हात जन्मभराचा लुळा पडू शकतो. आणि अशा वेळी हाताशी असतात ती दोन-चार मिनिटं.

"मॅडम, त्याला थांबवा," भिंतीपासून सिस्टर म्हणाल्या.

मॅडम सव्वीस वर्षांच्या, वही छातीशी धरून उभ्या. "डॉक्टर आहेत ना ते. मोठ्या सरांना बोलावलंय. तुम्ही मध्ये बोलू नका."

मोठे सर चौथ्या मजल्यावर होते. सिस्टरांनी हात सोडले. "ओढू नकोस रे!" म्हणून त्या पोरावर खेकसल्या, बाळंतिणीचे गुडघे तिच्या पोटाशी दुमडले, एक पाय मावशींना धरायला लावला, दुसरा सरळ मॅडमच्या हातात दिला आणि ओटीपोटाखालच्या हाडावर तळहात रोवून दाब दिला. खांदा सुटला. बाळ आलं, क्षणभर गप्प राहिलं आणि मग त्याने सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला.

शिकाऊ डॉक्टर घामाघूम होऊन "थँक यू, सिस्टर" म्हणाला. मॅडमनी बाहेर येऊन वहीतली दहावी नोंद लाल शाईने खोडली. पाहिलं म्हणावं, तर हात लावलेला. केलं म्हणावं, तर परवानगी नव्हती. तेव्हा नियमाप्रमाणे ते बाळंतपण झालंच नाही. बाळ तेवढं झालं.

आणि आता हा कागद. माफी लिहून दिल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"घरी नेऊ?" सिस्टरांनी विचारलं. प्राचार्य बाईंनी हात हलवला. न्या म्हणजे न्या.

"अडला हरी गाढवाचे पाय धरी," संध्याकाळी नवरा म्हणाला. "देऊन टाक लिहून."

"गाढवाचे धरले असते हो. गाढव निदान 'चुकलं' म्हणून लिहून मागत नाही."

"आई, सगळेच देतात असं लिहून," मुलगी म्हणाली. "आणि ते वाचतं कोण?"

सिस्टरांचं डोकं भडकलं ते या वाक्याने. वाचतं कोण! बावीस वर्षं त्यांनी पेशंटच्या कागदावर मिनिटामिनिटाची नोंद केली होती. कुणीतरी वाचणार आणि त्यावरून पुढचं औषध ठरणार, एवढ्याच भरवशावर. खोटं एक अक्षर नाही. त्यांनी चष्मा लावला आणि त्या कोऱ्या कागदावर पेशंटच्या कागदावर लिहितात तसंच लिहिलं. दहा बेचाळीसला डोकं बाहेर. दहा त्रेचाळीसला खांदा अडला, डॉक्टर ओढत आहेत, मॅडमना सांगितलं. दहा चव्वेचाळीसला मी हात लावला. अशी सगळी हकिगत, बाळाच्या वजनापर्यंत. शेवटी लिहिलं, "माझी चूक झालेली नाही. अशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा हात लावीन." खाली ठसठशीत सही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य बाई मीटिंगला गेलेल्या होत्या. कागद ऑफिसात दिला. आता वर्ष बुडालं, अशीच मनाची तयारी करून सिस्टर घरी आल्या.

पण आठ दिवसांत परीक्षेचं प्रवेशपत्र आलं. कुणी एक शब्द बोललं नाही. "बघ, वाचलं की नाही?" त्या मुलीला म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं. जग अगदीच वाया गेलेलं नाही असं वाटलं. दहावं बाळंतपण त्यांनी पुन्हा रीतसर पाहिलं, परीक्षा दिली आणि पहिल्या वर्गात पास झाल्या.

डिग्री विद्यापीठाच्या खिडकीवर मिळणार होती. त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत इन्चार्जच्या जागेचे अर्ज घेणार होते. अर्ज भरून पर्समध्ये तयार होता, डिग्री जोडली की झालं. बारा वाजता सिस्टर खिडकीपाशी पोचल्या.

"मुलीची न्यायला आलात?" क्लार्कने विचारलं.

"माझी."

"अरे वा! अभिनंदन मॅडम." त्याने जाड कागद बाहेर दिला आणि पोच घ्यायला फाइल उघडून पुढे केली. "इथे सही."

सही करता करता सिस्टरांची नजर वरच्या ओळीवर गेली. 'विद्यार्थिनीने लेखी माफी मागितली आहे. प्रकरण बंद.' खाली प्राचार्य बाईंची सही आणि शिक्का.

"हे काय आहे?"

"माफीचं. जुनं आहे, मिटलंय ते."

"मी माफी मागितलेली नाही. मागे माझा कागद लावलाय ना? वाचा."

"मॅडम, कॉलेजकडून माफीनामा म्हणून आला, माफीनामा म्हणून लावला. त्यात वाचायचं काय?"

म्हणजे कुणीच वाचला नव्हता. प्राचार्य बाईंनी नाही, मॅडमनी नाही, कुणीच नाही. 'पुन्हा हात लावीन' या ओळीला या लोकांनी माफी म्हणून टाचणी मारली होती. सिस्टरांचे कान तापले.

"ही ओळ खोडा."

"ती खोडली तर प्रकरण पुन्हा उघडेल. समिती बसेल. तोवर डिग्री थांबेल, सहा महिने म्हणा. कशाला उगाच पायावर धोंडा मारून घेताय? कोण बघतंय फाइलीत?"

"मी बघितलं ना आता."

सिस्टरांनी डिग्री उचलली. स्वतःचं नाव एकदा वाचलं, नीट होतं. मग ती खिडकीतून आत सरकवली.

"आधी ती ओळ खोडा. मग नेते."

"मॅडम, मला तो अधिकार नाही हो."

"मग ज्याला आहे त्याला बोलवा. मी बसलेय."

आणि त्या समोरच्या बाकावर बसल्या. दोनला खिडकी बंद झाली, अडीचला उघडली. साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्या साहेबांना अधिकार नव्हता. तीन वाजता नवऱ्याचा फोन आला, "दिला का अर्ज?" "नाही," सिस्टर म्हणाल्या. तो म्हणाला, "बरं. बस सोडून तिकडेच येतो."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटं झाली. सिस्टरांनी पर्समधून अर्ज काढला, घडीवर घडी घालून परत ठेवला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचा त्यांना रागही आला.

दिवे मालवता मालवता क्लार्क थबकला. परत आत गेला, फाइल घेऊन बाहेर आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. टाचणी काढून त्याने मागचा कागद वर घेतला आणि वाचू लागला. हळूहळू, ओळीखाली बोट फिरवत. मध्येच त्याचं बोट थांबलं.

"मुलगा झाला की मुलगी?" त्याने विचारलं.

"तेही लिहिलंय," सिस्टर म्हणाल्या. "पुढे वाचा."