बस येणारच असेल तर

ग्लेन आर्न खोऱ्यातल्या माणसाला चहा हवा का म्हणून विचारा. तो म्हणेल, "तुम्ही करणारच असाल तर घेईन घोटभर." किटलीतून वाफ निघत असो, समोर कप मांडलेले असोत, उत्तर हेच. कोणी सरळ "हो, द्या की" म्हणाला, तर तो बाहेरगावचा पाहुणा हे ओळखावं. या भिडस्तपणानं आजवर कोणाचं फारसं बिघडलं नव्हतं. बसचं मात्र बिघडलं.

पूर्वी दर गुरुवारी बस यायची. ड्रायव्हर हेक्टर ती खोऱ्याच्या पार वरच्या टोकापर्यंत आणायचा, ज्या फाटकापाशी कोणी हात करेल तिथे थांबवायचा, आणि सगळ्यांना खाली समुद्रकाठी पोर्टवेगला न्यायचा. दुपारी सामानाच्या पिशव्यांसकट परत. मग वसंतात नवा नियम आला. बस हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करायचा. एकानं जरी सांगितलं तरी बस निघणार, वाटेत बाकीच्यांनाही घेणार. पण कोणीच सांगितलं नाही, तर बस जागची हलणार नाही.

नियम ज्यानं केला तो ग्लेन आर्नला कधी आलेला नसावा. कारण एवढी मोठी बस, तिचा ड्रायव्हर, तिचं डिझेल, हे सगळं माझ्यासाठी डोंगर चढून या, असं तोंड वर करून कोण सांगणार? त्यातून साठी उलटलेल्यांना कार्डावर प्रवास फुकट, आणि खोऱ्यात साठीच्या आतले म्हणजे मेंढ्याच. पदरचं भाडं भरायचं असतं तर गोष्ट वेगळी. फुकट बसायचं आणि वर बस मागवायची, म्हणजे लाज सोडल्याची हद्द झाली. उन्हाळा सरला, हेक्टरनं उभी बस इतक्यांदा धुतली की तिचा रंग निघायची वेळ आली, पण फोन काही कोणी केला नाही. निदान डोलिना मॅथेसनची तशी समजूत होती.

डोलिनाचं घर खोऱ्यातलं सर्वात वरचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, डोळ्यांमुळे मोटार चालवणंही सुटलं होतं. थोरली बहीण पेगी पोर्टवेगच्या वृद्धाश्रमात होती. शेजारच्या टॉर्किलची गाडी होती तोवर तो डोलिनाला तिच्याकडे सोडायचा. ऑगस्टमध्ये गाडी तपासणीत नापास झाली आणि आता तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. टॅक्सीचं भाडं ऐकूनच डोलिनाला घाम फुटला होता. तेव्हापासून बहिणींची भेट नव्हती. रोज संध्याकाळी फोन तेवढा व्हायचा.

"माझ्यासाठी मुद्दाम येऊ नकोस हो," पेगी म्हणायची. "मी मजेत आहे."

"छे, मुद्दाम कशाला?" डोलिना म्हणायची. "इकडे यायचंच झालं तर डोकावेन."

दोघी फोन ठेवायच्या आणि आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसायच्या.

गुरुवारी पेगीचा वाढदिवस होता, नव्वदावा. डोलिनानं बुधवारी पहाटेच क्लूटी डंपलिंग करायला घेतलं. मनुका, मसाला आणि पीठ एकत्र मळून फडक्यात बांधायचं आणि मोठ्या पातेल्यात चांगलं चार तास उकडायचं. आईनं शिकवल्याप्रमाणे तिनं आत कागदात गुंडाळलेलं एक नाणं लपवलं; ज्याच्या तुकड्यात निघेल तो नशीबवान. गोळा तयार झाला, शेगडीपाशी ठेवून त्याची वरची साल वाळवली. घरभर दालचिनीचा वास सुटला. मग ती त्या गोळ्यासमोर बसून राहिली. डंपलिंग झालं खरं, पण ते पोर्टवेगला पोचायचं कसं? वाढदिवस काय पुढच्या आठवड्यावर ढकलता येतो? आणि नव्वदीच्या माणसाला पुढच्या वाढदिवसाचा वायदा कोणी द्यावा?

शेवटी जिवाचा हिय्या करून तिनं बसच्या कचेरीत फोन लावला. पलीकडे रोना नावाची एक मुलगी होती, आवाजानं गोड.

"पोरी, मी ग्लेन आर्नची मिसेस मॅथेसन. उद्या बस वर येणार आहे का गं?"

"तुम्ही सांगितलंत तर येईल, मिसेस मॅथेसन. घालू का तुमचं नाव?"

"तसं नाही. म्हणजे दुसरं कोणी येणार असेल आणि बस येणारच असेल, तर मी आपली कोपऱ्यात बसेन. माझ्यासाठी मुद्दाम नको."

पलीकडून मोठा उसासा ऐकू आला.

"रागावू नका, पण तुमच्या खोऱ्याला झालंय तरी काय? आज सकाळपासून हे म्हणणाऱ्या तुम्ही पाचव्या! दर बुधवारी हेच. 'बस येणारच असेल तर.' 'बाकीचे जाणार असतील तर.' एक आजोबा तर म्हणाले, मी फक्त तुमची तब्येत विचारायला फोन केला."

ते आजोबा टॉर्किल, हे डोलिनाला न सांगता कळलं.

"मग त्या सगळ्यांना मिळून एक बस नाही का पाठवता येत?"

"माझ्यापुढे दोनच बटणं आहेत हो. 'हो' आणि 'नाही'. 'येणारच असेल तर' असं बटण कोणी बनवलेलंच नाही. मग मला 'नाही' दाबावं लागतं. आणि एक सांगू? या महिन्यातही कोणी 'हो' म्हटलं नाही तर ही बस कायमची बंद करणार आहेत. वरच्यांना वाटतंय, ग्लेन आर्नला बस नकोच आहे."

डोलिना थक्क झाली. म्हणजे इतके महिने सगळं खोरं ताकाला जात होतं आणि सगळं खोरं भांडं लपवत होतं! भीड ही भिकेची बहीण म्हणतात. त्या बहिणीनं आता ग्लेन आर्नच्या दारात बस्तान मांडलं होतं. डोलिनाला हसू आलं, आणि हसता हसता स्वतःचा असा राग आला की कान लाल झाले. तिनं डंपलिंगकडे पाहिलं.

"दाब," ती म्हणाली.

"काय?"

"'हो' दाब. उद्या बस पाठव. माझ्यासाठी. एकटीसाठी."

तिनं फोन ठेवला. भर चर्चमध्ये बाकावर उभं राहून ओरडल्यासारखं तिला वाटलं. हे पाप पोटात ठेवणं जमेना, म्हणून तिनं शाल घेतली आणि कुंपणापाशी जाऊन टॉर्किलला हाक मारली.

"बस मागवली मी. उद्याची."

टॉर्किलनं हातातलं फावडं भिंतीला टेकवलं. "तू? आणखी कोणकोण?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"अख्खी बस?"

"अर्धी पाठवत नाहीत ते, टॉर्किल."

टॉर्किलनं खाली खोऱ्याभर नजर फिरवली. मग "बरं," एवढंच म्हणाला आणि नेहमीपेक्षा जरा लगबगीनं घरात गेला. झालं, डोलिना मनात म्हणाली, उद्यापासून खोऱ्याला चघळायला विषय मिळाला.

सकाळी बस आली. हेक्टरनं दुरूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. सशांची पळापळ झाली. फाटकापाशी दार उघडून तो स्वतः खाली उतरला आणि वाकून म्हणाला, "या राणीसाहेब! रथ आणलाय."

"चेष्टा करू नकोस, हेक्टर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"अहो, मला जगल्यासारखं झालंय! दर गुरुवारी एकटाच ती बस धूत बसायचो मी. बायको म्हणायची, आता तिच्याशीच लग्न कर."

डोलिनानं कार्ड यंत्राला लावलं, यंत्र टिंग वाजलं. सोळा आसनं, सोळाही रिकामी. डंपलिंगची टोपली मांडीवर घेऊन ती सर्वात मागच्या कोपऱ्यात बसली, जागा शक्य तेवढी कमी अडवून.

बस जेमतेम सुरू झाली आणि थांबली. टॉर्किलचं फाटक. टॉर्किल रविवारचा कोट, टाय आणि चकचकीत बूट घालून दगडी भिंतीची पाहणी करत होता.

"अरेच्चा, बस!" तो म्हणाला. "मी आपला सहज भिंत बघत होतो."

"टाय लावून?" हेक्टरनं विचारलं.

"भिंत जुनी आहे. मान ठेवायला हवा." आणि तो चढला. टिंग.

पुढच्या वळणावर पोस्टातली विल्मा, हातात बाजाराच्या तीन रिकाम्या पिशव्या. "हवा खायला बाहेर पडले होते, म्हटलं जाताच आहात तर..." टिंग. पुलापाशी म्हातारे मास्तर, छत्री घेऊन, पावसाचा थेंब नसताना. टिंग. जुळ्या मॅकइन्स बहिणी, केस धुऊन विंचरून, "आम्ही फक्त वाट बघत होतो, बसची नव्हे हो, अशीच." टिंग, टिंग. खोऱ्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत दोन माणसं उभी होती आणि एक कुत्रा आसनावर बसला होता. प्रत्येक जण चढताना मागे बघून डोलिनाला मान लववत होता. चघळायला विषय मिळाला होता खराच, पण तोंडं गोड झालेली दिसत होती. अर्ध्या रस्त्यात गाणं सुरू झालं. डोलिना कोपऱ्यातून सरकून मधल्या आसनावर कधी आली हे तिचं तिलाही कळलं नाही.

पोर्टवेगच्या उतारावर हेक्टरनं आरशात पाहत विचारलं, "पुढच्या गुरुवारी फोन कोण करणार, मंडळी?"

गाणं थांबलं. सगळ्यांना एकदम खिडकीबाहेरचा समुद्र फार आवडायला लागला. मास्तरांनी छत्रीची काडी तपासली.

"बाकीचे जाणार असतील तर..." टॉर्किल पुटपुटला.

"गप रे, भिंतवाल्या!" विल्मा म्हणाली, आणि अख्खी बस हसली. पण मी करते, असं तीही म्हणाली नाही.

पेगी खिडकीतल्या खुर्चीत बसली होती. दारात डोलिनाला पाहून तिचा हात गालावर गेला.

"तू कशी आलीस?"

"बसनं."

"ती तर कोणी मागवल्याशिवाय येत नाही म्हणतात."

"मीच मागवली."

"तू? एकटीसाठी?" पेगी पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आई असती तर तिनं चर्चमध्ये तोंड दाखवलं नसतं!"

त्यांनी डंपलिंग कापलं, आश्रमातल्या सगळ्यांना वाटलं. नाणं पेगीच्याच तुकड्यात निघालं, कारण तो तुकडा डोलिनानं नीट बघून कापला होता. दुपार कशी सरली कळलंच नाही. खालून हॉर्न वाजला. डोलिना उठली, शाल घेतली, आणि सवयीनं म्हणाली, "पुन्हा इकडे यायचं झालं तर..."

पेगीनं तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात बळ होतं. ती खिडकीकडे बघत होती, डोलिनाकडे नाही.

"पुढच्या गुरुवारी ये," ती म्हणाली. "माझ्यासाठी ये. मुद्दाम ये."

सगळ्या आयुष्यात पेगीनं धाकट्या बहिणीकडे काही मागितलं होतं, ते हे पहिलंच. डोलिनानं शाल पुन्हा खाली ठेवली. खालून पुन्हा हॉर्न वाजला. वाजू दे, ती म्हणाली, आणि पलंगाशेजारचा फोन उचलून तिनं नंबर फिरवला.

"रोना? मिसेस मॅथेसन बोलतेय. पुढच्या गुरुवारी बस पाठव. आणि त्याच्या पुढच्याही. दर गुरुवारी पाठव."

"दुसरं कोणी येणार असेल तर का?" रोनाच्या आवाजात हसू होतं.

"नाही गं पोरी. मला माझ्या बहिणीकडे जायचंय. बाकीच्यांना यायचं तर येऊ देत."