माझ्या पोटातला आकडा

मी एक जुनी कार्ड मशीन आहे, मित्रांनो. पाथरवटाच्या दुकानात, छिन्न्यांच्या डब्याशेजारी माझी जागा. बटणांवरचे आकडे घासून गेलेत, आणि दगडाची भुकटी अंगात कुठे कुठे शिरलीय ते विचारूच नका. पण छातीठोकपणे सांगते, पैशाच्या व्यवहारात मी कधी कुणाला फसवलं नाही. चूक झाली ती वेगळीच.

माझा जन्म काही दगडांसाठी नव्हता. मला पहिल्यांदा आणलं पाथरवटाच्या बहिणीने, तिच्या खेळण्यांच्या दुकानात. तेव्हा बँकेच्या माणसाने माझ्या पोटात चार अंकी आकडा घातला. दुकान कशाचं आहे, ते बँकेला त्या आकड्यावरून कळतं. बँकेला डोळे कुठे असतात! आकडा औषधांचा असेल तर तिच्या लेखी तुम्ही औषधंच घेतलीत. आणि क्रेडिट कार्डावर बक्षिसाचे पॉइंट किती द्यायचे, तेही त्यावरूनच ठरतं. खेळण्यांवर तर घसघशीत मिळायचे. काय लाड होते तेव्हा माझे! माझी बटणं दाबायला पोरांची भांडणं व्हायची.

पुढे बहिणीने दुकान आवरलं आणि मला भावाच्या हवाली केलं. हा भाऊ गेलेल्या माणसांच्या नावाचे दगड कोरतो. हात सोन्याचे, पण व्यवहारात अगदीच भोळा. धंदा बदलला की आकडाही बदलून घ्यावा लागतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यामुळे तो दगड विकायचा आणि बँक खेळणी समजायची.

एके दिवशी गल्लीच्या टोकाला राहणारी शिवणकामवाली आली. तिला छोटासा दगड हवा होता, लेकीच्या नावाचा. पाथरवटाने मान खाली घालून पैसे कमी सांगितले. तिने माझ्यात कार्ड घातलं, मी पावती दिली. दुसरं मी काय देणार होते?

तेवढ्यात तिच्या फोनवर मेसेज आला, तिने तो मोठ्याने वाचला. खेळण्यांच्या खरेदीबद्दल बँकेने अभिनंदन केलं होतं, वर विचारलं होतं, बाळाचं वय काय? सांगा आणि जादा पॉइंट मिळवा. पाथरवटाचा चेहरा पडला. तिने मात्र अंगठ्याने चार लिहिलं.

मित्रांनो, माणसं विसरतात, बँक विसरत नाही. दरवर्षी ती बाई दगडावरच्या अक्षरांत काळा रंग भरून घ्यायला यायची, कार्ड माझ्यातून जायचं आणि मेसेज यायचा. आता पाच वर्षांची झाली असेल ना? तिला रंगांची पेटी बघा. पुढच्या वर्षी, शाळेत रमली का? त्याच्या पुढच्या वर्षी बँकेने पायाचं माप विचारलं. तिने लगेच लिहिलं, आणि पाथरवटाला म्हणाली, फार भराभर वाढतात हो पाय. मला हाडं नाहीत, तरी हुडहुडी भरली.

मग एकदा बँकेचा साहेब दुकानात आला. समोर दगड, माझ्यात आकडा खेळण्यांचा! त्याने पाथरवटाला चांगलंच फैलावर घेतलं आणि उद्या आकडा बदलतो म्हणून बजावून गेला. नेमकी त्याच दिवशी ती रंग भरून घ्यायला आली. पाथरवटाने तिला सगळं सांगितलं.

"माझी चूक झाली, ताई. इतकी वर्षं उगाच छळ झाला तुम्हाला. उद्यापासून मेसेज बंद होतील."

तिच्या हातातलं कार्ड तसंच राहिलं.

"नका बदलू, दादा. माझ्याकडे ती चारचीच आहे. मोठी होते ती तिथे, बँकेतच."

पण बँकेपुढे कुणाचं काय चालणार? शेवटचं कार्ड माझ्यातून गेलं, शेवटचा मेसेज आला. आठ वर्षांच्या मुलीला सायकल आवडेल, आणि साठलेल्या पॉइंटमध्ये ती मिळेल. तिने सायकल मागवली. पत्ता दिला या दुकानाचा.

दुसऱ्या दिवशी माझा आकडा बदलला. आता मी खरं बोलते, मित्रांनो, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

सायकल आली ती लेकीच्या नावानेच. पाथरवटाने ती जोडून उभी केली. बाई आली, सायकलीभोवती फिरली, सीटवर हात ठेवून म्हणाली, "जरा खाली करा, दादा. पहिल्यांदाच बसतेय ती." पाथरवटाने पाना घेतला आणि सीट खाली केली.

म्हणून सांगते मित्रांनो, आमच्या पोटात आकडा घालताना नीट बघून घाला, आणि काढताना तर त्याहून जपून काढा. आत कोण राहायला आलंय, ते तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

सायकल अजून इथेच, कोपऱ्यात आहे. दुकान बंद असताना कधी कधी तिची घंटी वाजते. पहिल्यांदा मी दचकले होते. आता नाही दचकत. आठ वर्षांची पोर ती, समोर घंटी असली की वाजवणारच.