पाकिटातली शेवटची कोरी सीडी

मित्रांनो, माझ्या अंगावर एक अक्षरही लिहिलेले नाही, म्हणून ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुनी सीडी आहे. माझ्यात ना गाणी, ना चित्रपट. मला संगणकात घालून तो सुरू केला की मी त्यातले होते नव्हते ते पुसते आणि सगळी यंत्रणा नव्याने बसवते, तीही कुणाला काही न विचारता. या गुणाचे एके काळी फार कौतुक झाले. आज मला त्याची लाज वाटते.

बोलताना अडखळणाऱ्या मुलांच्या एका शाळेत मी दहा जणींच्या पाकिटातून आले. तिथे एक ताई शिकवायच्या. नव्या मुलाला त्या पहिल्याच दिवशी आपल्या खोलीतल्या संगणकासमोर बसवत, त्याचे बोलणे नोंदवून ठेवत आणि वर्ष संपताना आईवडिलांना ऐकवत. "बघा, कुठून कुठे आलाय!" अकरा वर्षांचे आवाज त्या एका संगणकात होते. शाळेतले संगणक ताईंचा धाकटा भाऊ सांभाळायचा. सतत काहीतरी उघडून बसलेला, म्हणून सगळे त्याला खटपट्या म्हणत.

त्या वर्षी ताईंचा नऊ वर्षांचा एक विद्यार्थी तापाने गेला. त्याच्या आईकडे त्याचे फोटो होते, आवाज नव्हता. तो न्यायला ती सोमवारी येणार होती. ताईंनी भावाला बजावले, "पाकिटातली एक सीडी तिच्यासाठी राखून ठेव हं. आणि सगळ्याच आवाजांची एक प्रत कर. कधीपासून कानीकपाळी ओरडतेय!"

"करतो गं, एवढं हातातलं होऊ दे."

हातातले काम म्हणजे मुलांच्या वर्गातले बावीस संगणक. सगळ्यांत नवी यंत्रणा बसवायची होती. एकेकासमोर बसून भाषा कोणती, तारीख काय, जुने पुसू का, अशा प्रश्नांना उत्तरे द्यायची म्हटली तर आठवडा गेला असता. म्हणून खटपट्याने सगळी उत्तरे आधीच लिहून सीडीत घालायचे ठरवले. माझी पहिली बहीण सुरूच झाली नाही. दुसरी तारखेपाशी अडून बसली. मग कुणी अर्ध्यावर रुसली, कुणी अगदी शेवटी. प्रत्येक वेळी तो एखादे उत्तर दुरुस्त करी आणि नवी सीडी घेई, कारण आमच्यावर एकदा लिहिलेले खोडता येत नाही. नवव्या बहिणीला सगळे जमले, पण सुरुवातीला ती पाच सेकंद थांबे आणि म्हणे, पुढे जायचे असेल तर एखादी कळ दाबा. कळ दाबायला उशीर झाला की संगणक आपला जुन्याच वाटेने सुरू! वैतागून त्याने ते थांबणेच काढून टाकले. त्यासाठी पाकिटात एकच सीडी उरली होती. ती मी.

मला हातात घेऊन तो क्षणभर घुटमळला. "तिच्यासाठी उद्या नवीन आणू," असे स्वतःशीच म्हणाला आणि माझ्यावर लिहायला घेतले.

मी कुठेच अडले नाही. एक पथ्य मात्र होते. अर्धे काम झाले की संगणक एकदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. तेवढ्यात मला बाहेर काढावे लागे, नाहीतर मी सगळे पहिल्यापासून पुसायला घेतले असते. खटपट्या शेजारी उभाच असे. शनिवारी दुपारपर्यंत बावीसच्या बावीस संगणक तयार झाले. मुख्याध्यापकांनी तोंडात बोट घातले. मीही हुरळून गेले.

मग त्याने मला ताईंच्या संगणकात घातले. सीडी लिहायची सोय शाळेत तिथेच होती. आधीच्या सीड्या सुरू होतात की नाही तेही तो तिथेच पाहायचा, म्हणून सुरू होताना आधी सीडी वाचायची, असे त्याने त्या संगणकाला लावून दिले होते. आता त्याला त्या संगणकात एक प्रत करून ठेवायची होती. अकरा वर्षांच्या आवाजांची नाही, माझी! ती झाली आणि मुख्याध्यापकांनी चहाला हाक मारली. संगणक बंद करून तो पाठ थोपटून घ्यायला गेला. मी आतच राहिले.

सोमवारी सकाळी ताई आल्या आणि त्यांनी संगणक सुरू केला. मी फिरू लागले. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर! पडद्यावर पट्टी सरकू लागली. ताईंना वाटले, भावाने काहीतरी सुधारणा करायला लावली आहे. त्याचे काम बिघडू नये म्हणून त्या हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिल्या. जुने पुसू का, या प्रश्नाला मी त्याने शिकवलेले उत्तर दिले. हो.

खटपट्या नवी कोरी सीडी घेऊन आला तेव्हा पट्टी भरत आली होती. त्याने वायर उपटली. दुपारपर्यंत तो हरवलेले शोधत राहिला. काही तुकडे सापडले, पण त्यातला एकही वाजेना.

"ताई, मला दोन थोबाडीत मार," तो म्हणाला.

"मारून काय होणार आहे? तिला काय सांगू, तेवढं सांग."

ती आली. सीडी वाजवायचे यंत्र तिने शेजारणीकडून मागून आणले होते. ताईंनी काही न लपवता सगळे सांगितले. खटपट्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "तुम्ही तर ऐकलंय ना बाई? कसा बोलला होता, म्हणून दाखवा."

पहिल्या दिवशी त्याने आपले नाव तीनदा अर्धेच सोडले होते. चौथ्यांदा ते पुरे झाले, तेव्हा त्याने ताईंना विचारले होते, "झालं?" ताईंनी तसे म्हणून दाखवले.

"असं नाही," आई हळूच म्हणाली. "शेवटी जरा ओढायचा तो."

ताईंनी पुन्हा म्हटले. मग आईने म्हणून पाहिले. दोघी आळीपाळीने तेवढा एकच शब्द म्हणत राहिल्या आणि दोघींनाही तो साधेना.

मित्रांनो, खटपट्याने मला मोडले नाही. मी आजही त्याच्या टेबलावर पडून आहे. आम्ही वस्तू सांगितले तेवढे करतो, आमच्यावर रागावून काय उपयोग? पण कुणी गेलेल्या माणसाचा आवाज, एखादा फोटो किंवा पत्र तुमच्या भरवशावर ठेवले असेल, तर त्याची प्रत उद्यावर टाकू नका. आत्ता उठा आणि आधी ते काम करा. माझी गोष्ट काय, कधीही वाचता येईल.