सहावी वात

पाच सुरुंग उडाले आणि दादा बांधाआडून उठला. "झालं. उतरा आता."

मी त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं. "एक ऱ्हायलाय. भोकं सहा हुती."

"पाच," दादा म्हणाला. "पाच वाती पेटवल्या, पाच उडाल्या. तुला मोजता येत न्हाई व्हय रं, बन्स्या?"

खर्ड्याच्या शिवारात आम्ही दोघं भाऊ विहिरींना सुरुंग लावायचो. भोकं पाडून दारू मी ठासायची, वाती पुंजारामदादानं पेटवायच्या आणि दोरानं वर यायचं, हे बापाच्या वेळेपासून ठरलेलं. भोकं मीच ठासली होती. सहावं डाव्या अंगाला, अगदी कातळाच्या भिंतीला लागून. पण दादा थोरला. विहिरीचा मालक सहादेव त्याचंच ऐकणार. सहादेव दगड भरायला दोन गडी घेऊन दोराकडं निघालाही होता.

मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. न उडालेल्या सुरुंगाला पहार लागली असती तर तिघांपैकी एकही वर आला नसता. मी पळत गेलो आणि दोरावरच बसलो.

"आधी मला आत ढकला, मग उतरा."

सहादेव वैतागला. "तुमचं भावाभावाचं भांडान माझ्या हिरीवर कशापायी?"

भांडण होतंच. दोन वर्षं दादा गावात धड कुणाच्या रामरामाला उत्तर देत नव्हता. पुंजाराम माजला, असं लोक म्हणायचे. माझ्या पोरीच्या लग्नात मी त्याच्या शेजारी अक्षता घेऊन उभा राहिलो, तर यानं मान वळवली नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलायचो. दारातल्या कुत्र्यावर त्याचा पाय पडला, कोपर लागून कपबशी फुटली, की घरात हसायला सगळ्यांच्या पुढं मी. म्हातारा झालास, म्हणायचो.

दोरावर बसल्या बसल्या हे सगळं आठवलं. मग आठवलं मागल्या सालचं नगर. रंगूवहिनीचा मोतीबिंदू दाखवायला आम्ही तिघं तिथल्या एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, चाळिशी उलटली की काही होत नसलं तरी डोळे वरचेवर तपासून घ्यावेत, आलाच आहात तर बसा. मी बसलो. दादा बाकावरून उठला. "मी अजून सुईत दोरा ववतो," म्हणाला आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत राहिला.

"दादा, हितं ये. माझ्या समोर बस."

"कशाला?"

"बस म्हनतो ना."

तो कुरकुरत बसला. डॉक्टरांनी मला केलं होतं तसंच मी केलं. "उजवा डोळा झाक. माझ्या नाकाकडं बघ, नजर हलवू नको." मी हात बाजूला लांब धरला आणि दोन बोटं हलवली. "बोटं किती?"

"आधी हात तर वर कर."

"वरच हाय."

सहादेव जवळ आला. गडीही थांबले. मी हात हळूहळू आत आणत गेलो. खांद्यापर्यंत आणला, तरी दादा गप्प. माझ्या गालाला लागायच्या बेतात आला, तेव्हा तो म्हणाला, "दोन." दुसऱ्या डोळ्याचंही तेच, जरा बरं इतकंच.

दादानं मान वळवून सगळ्यांची तोंडं पाहिली. मग खालच्या आवाजात विचारलं, "सहा हुती का रं?"

"व्हय."

सहावी वात विझली होती, धुमसत होती की पेटलीच नव्हती, हे कुणालाच सांगता येईना. अशा भोकाजवळ दुसऱ्या दिवसापर्यंत जायचं नाही, असा बापाचा दंडक. सहादेवानं विहिरीभोवती काट्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मी एकटा उतरलो. वात कोरी होती. तिच्यापासून दोन हातांवर पाचवं भोक उडालं होतं. तिथं बसून त्यानं शेजारची वात पेटवली होती आणि ही त्याला दिसली नव्हती. मी ती पेटवली आणि वर आलो. स्फोट झाला तेव्हा बांधाआड दादा हळूच म्हणाला, "सहा."

त्याच आठवड्यात नगर गाठलं. तोच दवाखाना, तेच डॉक्टर. काचबिंदू, ते म्हणाले. बहुतेकदा दुखत नाही, समोरचं नीट दिसत राहतं, आणि कडेकडेची नजर जाते. गेली ती परत येणार नाही. रोज औषधाचे थेंब घातले तर उरलेली टिकवता येईल.

"कवापासनं आसंल हे?" दादानं विचारलं.

"दोन-तीन वर्षं तरी. मागच्या वर्षी पाहिलं असतं तर बरीचशी वाचली असती."

बाहेर येऊन दादा बाकावर बसला. गेल्या साली उठून गेला होता त्याच बाकावर. तो बोटं मिटत काहीतरी मोजत होता. मला वाटलं, थेंब किती वेळा घालायचे ते घोकतोय.

"मागल्या सालापासनं अकरा हिरी," तो म्हणाला. "परत्येक हिरीवर मीच म्हनलो, उतरा."